पहिल्या नंबरचं शहर मागं पडतं का?

चांदूर बाजार तालुक्यातल्या एका गावात अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं विचारलं आहे : "सर, देशातलं सर्वांत मोठं शहर एकदा मोठं झालं की कायम मोठंच राहतं का? मुंबईला कोणी मागं टाकू शकतं का? आणि आपल्या नागपूरचा नंबर कधी लागेल?"

पोरी, मी अचलपूर तालुक्यात ३१ वर्षं भूगोल शिकवला. १९९१, २००१ आणि २०११ या तिन्ही जनगणनांत घरोघर फिरलो, दोनदा प्रगणक म्हणून आणि तिसऱ्यांदा पर्यवेक्षक म्हणून. त्यामुळं पुस्तकातलं सांगतो आणि उंबऱ्यावर बसून ऐकलेलंही सांगतो.

आधी थेट उत्तर. हो, मागं पडतं. तुझी आई शाळेत होती तेव्हा आपल्याच देशात हे घडलं. १९८१ च्या जनगणनेत पहिल्या नंबरवर कलकत्ता होतं, सुमारे ९२ लाखांचं. मुंबई ८२ लाखांवर दुसरी होती. १९९१ ला मुंबई १ कोटी २६ लाख झाली आणि कलकत्ता १ कोटी १० लाखांवर राहिलं. दहा वर्षांत क्रम उलटला.

आता हे आकडे जरा उकलून बघ. १९८१ चे मुंबईचे ८२ लाख हे फक्त बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीतले होते. १९९१ च्या १ कोटी २६ लाखांमध्ये महापालिकेच्या हद्दीतली माणसं होती ९९ लाख. उरलेले जवळपास २७ लाख ठाणे, कल्याण, उल्हासनगर, नवी मुंबई आणि मीरा-भाईंदरचे. ही शहरं त्या वेळी मुंबईच्या नागरी समूहात, म्हणजे मुख्य शहर आणि त्याला लागून सलग पसरलेली वस्ती यांच्या एकत्र मोजणीत, धरली गेली. ती धरली नसती तर १९९१ लाही कलकत्ताच पुढं दिसलं असतं. उलट बाजूनं बघ. कलकत्त्याचे ९२ लाख हा हुगळीच्या दोन्ही काठांवरच्या, हावड्यासकट सगळ्या वस्तीचा आकडा होता. खुद्द कलकत्ता महापालिकेत १९८१ ला ३३ लाखच माणसं होती. म्हणजे महापालिकेला महापालिका लावली तर मुंबई केव्हाच पुढं गेलेली होती. एकच घटना, पण रेघ कुठं ओढली त्यावर तिचं साल बदलतं. म्हणून "कोणतं शहर मोठं" असं कोणी विचारलं की पहिला उलटप्रश्न हाच करायचा : हद्द कोणती धरली?

असं जगभर झालेलं आहे. १९२३ च्या भूकंपानं टोकियो उद्ध्वस्त झालं, आणि १९२५ मध्ये ओसाकानं आजूबाजूची गावं आपल्या हद्दीत घेतली. ओसाका जपानचं सर्वांत मोठं शहर झालं. १९३२ मध्ये टोकियोनंही भोवतालची ८२ गावं-नगरं पोटात घेतली आणि पहिला नंबर परत मिळवला. मेलबर्न आणि सिडनीचं ताजं उदाहरण आहे. मेल्टन नावाचं एक उपनगर मेलबर्नच्या सलग वस्तीत धरलं गेलं, त्यामुळं २०२१ च्या आकड्यांत मेलबर्न सिडनीच्या १८,७०० नी पुढं निघालं. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात जगात पहिलं टोकियो होतं, ३.७ कोटींचं. २०२५ च्या अहवालात मोजायची पद्धत बदलली आणि जकार्ता सुमारे ४.२ कोटींनी पहिलं आलं. दुसरं ढाका, टोकियो तिसरं. मधल्या सात वर्षांत जकार्तात काही कोट्यवधी माणसं नव्यानं येऊन राहिली नाहीत.

पण सगळा खेळ रेघांचाच आहे असं समजू नको. रेघेखाली खरी हालचाल असते, आणि ती समजून घ्यायला आपल्याला कलकत्त्यापर्यंत जायची गरज नाही. अचलपुरात उभं राहिलं तरी पुरे.

अचलपूर, जुन्या कागदांतलं एलिचपूर, ही वऱ्हाडची राजधानी होती. १४९० मध्ये इमादशाही इथं सुरू झाली. वर गाविलगड, खाली बाजारपेठ, आणि पुढं निजामाच्या काळातही वऱ्हाडचा कारभार इथूनच चाले. तेव्हा कोणाला विचारलं असतं की एलिचपूरला कधी कोणी मागं टाकेल का, तर त्यानं तुला वेड्यात काढलं असतं. मग काय झालं? १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग पुढं भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. हा मार्ग सपाटीवरून, पूर्णेच्या खोऱ्यातून गेला. एलिचपूर वर, सातपुड्याच्या पायथ्याशी राहून गेलं. अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा मिळाला. एलिचपूरला मूर्तिजापूरवरून नॅरोगेज मिळाली ती पुढच्या शतकात, तोवर गाडी चुकलेली होती. १९०५ मध्ये तर एलिचपूर जिल्हाच मोडून अमरावतीत मिसळला.

आता आकडे बघ. १९०१ मध्ये अमरावती ३४,२१६, अकोला २९,२८९, एलिचपूर २६,०८२. तिघांत फार अंतर नाही. २०११ मध्ये अमरावती ६ लाख ४७ हजार, अकोला सव्वाचार लाख, अचलपूर १ लाख १२ हजार. माझ्या विद्यार्थ्यांना मी फळ्यावर हे लिहून विचारायचो, अचलपूर लहान झालं का? पोरं "हो" म्हणायची. नाही झालं. ११० वर्षांत ते चौपटीच्या वर गेलं. अमरावती मात्र एकोणीस पट झाली. मोठं शहर मागं पडतं ते बहुतेक वेळा स्वतः आटून नव्हे. ते वाढतच असतं, दुसरं अधिक वेगानं वाढतं. म्हणूनच मागं पडणाऱ्या शहरातल्या माणसाला ते कळत नाही. त्याच्या दारासमोरची गर्दी तर दरवर्षी वाढतच असते.

आणि हा वेग येतो कुठून? माझ्या मते शहराची उंची त्याच्याकडं येणाऱ्या वाटांवर ठरते. आपल्या कापसाचीच वाट घे. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून तांडे उत्तरेला निघत, जबलपूरच्या वाटेनं मिर्झापूरला पोचत, आणि तिथून तो गंगेतल्या नावांवरून कलकत्त्याला जाई. कित्येक आठवड्यांचा प्रवास, वाटेत पाऊस, धूळ, चोऱ्या. रेल्वे आली आणि तोच कापूस उलट दिशेला, मुंबईकडं वळला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव आभाळाला भिडले. मुंबईत तेव्हा आलेल्या पैशानं ते शहर उभं राहिलं. १८५४ मध्ये तिथं पहिल्या सूतगिरणीची कंपनी निघालीच होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि युरोपला जायला मुंबई आणखी जवळची झाली. खामगाव, अमरावती, हिंगणघाटच्या बाजारांतल्या गाठी तिकडं जात राहिल्या. मुंबई मोठी होण्यात आपल्या काळ्या मातीचा वाटा आहे, आणि हे मी वर्गात दरवर्षी मोठ्यानं सांगायचो. आपल्या पोरांना ते कोणी सांगत नाही.

कलकत्त्याच्या वाटा मात्र एकेक करून तुटत गेल्या. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला न्यायचं जाहीर झालं. १९४७ च्या फाळणीत तागाच्या गिरण्या हुगळीकाठी राहिल्या आणि तागाची शेतं पूर्व बंगालात गेली. हा घाव सगळ्यांत खोल होता. एखाद्या जिनिंगला वऱ्हाडाचा कापूसच मिळू नये, तसं. स्वातंत्र्यानंतर पोलादाचं वाहतूक भाडं देशभर सारखं केलं गेलं, तेव्हा खाणींजवळ असण्याचा पूर्व भारताचा फायदाही गेला. हुगळीत गाळ साचून बंदराला त्रास होत होता, फराक्का धरण १९७५ मध्ये त्यासाठीच बांधून झालं. हे सगळं होऊनही निर्वासितांच्या लोंढ्यांमुळं कलकत्ता वाढत राहिलं. कारणं १९११ पासून साचत गेली आणि क्रमांक बदलला १९९१ ला. म्हणजे ८० वर्षं लागली. एवढी सावकाश चाल असते याची.

बाहेरच्या देशांतही गोष्ट हीच, तपशील वेगळे. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरो पहिलं होतं, कॉफी आणि कारखान्यांच्या जोरावर १९६० च्या जनगणनेत साओ पाउलो पुढं गेलं. कॅनडात माँट्रियल पहिलं होतं, १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स जलमार्ग खुला झाला आणि मोठी जहाजं माँट्रियलला न थांबता आत जाऊ लागली. पुढं १९७७ च्या फ्रेंच भाषेच्या कायद्याच्या आगेमागे कंपन्यांची मुख्य कार्यालयं टोरांटोला हलली. १९७० च्या दशकात टोरांटो वर आलं. बोलिव्हियात पूर्वेचं एक आडवळणाचं गाव, सांता क्रूझ, रस्ता, तेल आणि सोयाबीन यांच्या बळावर ला पाझच्या पुढं निघालं. सोयाबीन म्हटल्यावर तुझे कान टवकारले असतील. पण तिथं एकेकाची शेती हजारो एकरांची आहे, आपल्याकडचं दोन-चार एकरांचं सोयाबीन शहर उभं करत नाही.

एक गैरसमज काढून टाक. नुसती राजधानी हलवल्यानं पहिला नंबर जात नाही. तुर्कस्तानानं १९२३ मध्ये अंकारा राजधानी केली, इस्तंबूल आजही मोठं. नायजेरियानं १९९१ मध्ये अबुजाला राजधानी नेली, लागोस आजही मोठं. कझाकस्ताननं १९९७ मध्ये राजधानी हलवली, अल्माटी आजही मोठं. आपलं नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. ती गेली, त्याचं दुःख आमच्या वडिलांच्या पिढीनं फार केलं, आणि विदर्भाला महाराष्ट्रात घेताना नागपूर करारात दिलेल्या शब्दांचं काय झालं हे विचारायचा आपल्याला हक्क आहेच. पण त्यानं नागपूर लहान झालं नाही.

आणि काही देशांत पहिला नंबर हलणं जवळपास अशक्य असतं. मार्क जेफरसन या भूगोलतज्ज्ञानं १९३९ मध्ये त्यांना 'प्रायमेट सिटी'चे देश म्हटलं. पहिलं शहर दुसऱ्याच्या दुपटीहूनही मोठं, सगळ्या वाटा तिथंच जातात. थायलंडचं बँकॉक बघ. भारत तसा देश नाही. आपल्याकडं दोन-तीन शहरं खांद्याला खांदा लावून चालतात, म्हणून इथं क्रम बदलतो.

आता मुंबई आणि दिल्ली. २०११ च्या जनगणनेत मुंबईचा नागरी समूह १ कोटी ८४ लाख, दिल्लीचा १ कोटी ६३ लाख. कागदावर मुंबई पहिली. पण जनगणनेत नागरी समूह राज्याची सीमा ओलांडत नाही. गुरुग्राम आणि फरिदाबाद हरियाणात, नोएडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशात, म्हणून ते दिल्लीत धरले जात नाहीत. त्यांची २०११ चीच लोकसंख्या मिळवली तर ५० लाखांवर भर पडते आणि दिल्ली दोन कोटींच्या बरीच पुढं जाते. तू म्हणशील, मुंबईचे वसई-विरार आणि भिवंडीही समूहाबाहेर आहेत. तेही मिळवून बघ, मुंबई दोन कोटींच्या जराशी वर येते, दिल्लीच्या खालीच. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या हिशेबात तर दिल्ली २ कोटी ८५ लाख आणि मुंबई २ कोटी. त्यामुळं तुझ्या प्रश्नाला माझं प्रामाणिक उत्तर असं की मुंबई मागं पडलेली आहे, फक्त राज्याच्या सीमेनं ते झाकलं आहे.

कारण साधं आहे. दिल्लीला चारही बाजूंना सपाट जमीन आहे, मुंबईला तिन्ही बाजूंना पाणी. २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत उतरली, आणि शेजारचा ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव रिकामा होत गेला. तिथल्या जागी उंच इमारती आल्या, पण त्यांत राहायची ऐपत गिरणी कामगाराच्या पोराची नव्हती. बाहेरून येणाऱ्याला आत शिरायला जागा नसेल तर वाट आपोआप दुसरीकडं वळते.

नागपूरचा हिशेब मी करून ठेवला आहे, कारण हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. २००१ ते २०११ मध्ये मुंबईचा समूह सुमारे १२ टक्क्यांनी वाढला, पुण्याचा ३४ टक्क्यांनी, नागपूरचा १७ टक्क्यांनी. हेच वेग कायम धरले तर पुण्याला मुंबई गाठायला सुमारे ७० वर्षं लागतील. नागपूरला ४०० वर्षांहून जास्त. एवढा काळ कोणताही वेग टिकत नाही, तेव्हा हे भाकीत नव्हे, अंतर किती आहे ते दाखवायची पद्धत आहे. परीक्षेत असा हिशेब मांडशील तर तपासणारा थांबून वाचेल. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला, ७०१ किलोमीटर. त्यानं नागपूर वर येईल असं अनेकांना मनापासून वाटतं. मला एवढंच दिसतं की वेगवान रस्ता दोन्हीकडं चालतो. १८६७ ची रेल्वेही नागपूरला आली होती, आणि कापूस मुंबईला गेला. इथं सरकीपासून कापडापर्यंत काही बनलं, तरच गाड्या भरून इकडं येतील.

शेवटी तू जिथं बसली आहेस तिथलं बोलतो, कारण शहरांचा निकाल खरं तर गावात लागतो. २०११ मध्ये आमची गणना ९ ते २८ फेब्रुवारीला होती. त्या सगळ्या दिवसांत जो घरी नाही, त्याचं नाव घरच्या यादीत धरायचं नाही, तो जिथं आहे तिथं मोजला जाईल, असा नियम. एका घरी म्हातारी आई माझ्या प्रगणकाचा हात सोडेना. "नाव त लिहा गुरुजी, पोरगं आमचंच हाय न." पोरगा पुण्याला कंपनीत. शेजारच्या घरी कुलूप, घरचे सगळे सुरतेला. मेळघाटातल्या कोरकू पाड्यांवर त्या दिवसांत अर्धी माणसं कामाला खाली उतरलेली. मी त्या माउलीला समजावलं की तुमचं पोरगं मोजलं जाईल, पुण्यात मोजलं जाईल. ती म्हणाली, मग आमचं गाव कमी नाही का होणार? मला उत्तर देता आलं नाही. गावाच्या रकान्यातली एकेक अशी ओळ तिकडच्या बेरजेत जाते, आणि त्या बेरजांवर शहरं एकमेकांच्या पुढं जातात. माझ्या पहिल्या गणनेत, १९९१ ला, आमच्या गावची पोरं अमरावती, नागपूर, फार तर मुंबईला होती. २०११ ला बहुतेक घरांतून पुण्याचं नाव निघत होतं. एवढ्यावरून पुण्याची वाढ कळली असती, जनगणनेच्या तक्त्याची वाट बघावी लागली नसती.

आणि हा झरा आटतो आहे, याकडं फार थोड्यांचं लक्ष आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईला आयुष्यात होणारी सरासरी मुलं, १.७ निघाला, म्हणजे दोन माणसांच्या जागी दोनही नाहीत. मी शिकवायला लागलो तेव्हा आमच्या शाळेत पहिलीच्या दोन तुकड्या असत, आता एक पुरेशी भरत नाही. गावात जास्तीचे हातच उरले नाहीत तर शहरांकडं जाणार कोण? माझा अंदाज आहे की महाराष्ट्रात शहरांचा क्रम पुढच्या दोन-तीन दशकांत जो ठरेल तो बराच काळ तसाच गोठून राहील. मुंबई आणि पुण्याचं अंतर कमी होईल, क्रम उलटणं मला कठीण दिसतं. देशात मात्र जिथं अजून जास्तीचे तरुण हात आहेत त्या बिहार आणि उत्तर प्रदेशाला दिल्ली जवळची आहे. तिचा पहिला नंबर म्हणूनच मला पक्का वाटतो.

नवी जनगणना १ मार्च २०२७ च्या संदर्भानं होते आहे. तिचे आकडे आले की नागरी समूहांचा तक्ता आधी बघू नको. आधी 'डी' मालिकेतले स्थलांतराचे तक्ते काढ. कोण कुठून निघालं आणि कुठं पोचलं, ते तिथं असतं. ते यायला वेळ लागेल. तोवर तुझ्या गावातल्या पन्नास घरी जा आणि वीस ते पस्तीस वयाचं कोण कोणत्या शहरात आहे ते वहीत लिहून घे, नावं नको, शहर आणि जाण्याचं साल पुरे. माझ्या गावाच्या तीन गणनांच्या वेळची अशी माझी खासगी वही आहे. दिवाळीनंतर परतवाड्याला येशील तेव्हा तुझी घेऊन ये, दोन्ही शेजारी ठेवून बघू.